जळकोटचा फोटो कुणाकडे आहे? अनेकांनी मिळून आजचा देश टिपायचा, तर काय काय लागतं

लातूर जिल्हा देशानं फोटोंमधून दोनदा निरखून पाहिला. पहिल्यांदा ३० सप्टेंबर १९९३ ला. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी आणि आसपासची गावं भूकंपानं जमीनदोस्त झाली, जवळपास ८ हजार माणसं गेली. दुसऱ्यांदा एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोचली तेव्हा. ढिगाऱ्याचे फोटो आणि पाण्याच्या वाघिणींचे फोटो आजही सर्च केले की पटकन सापडतात.

या दोन तारखांच्या मध्ये साडेबावीस वर्षं होती. त्या काळात लोकांनी सोयाबीन पेरलं, एसटीची वाट पाहिली, लग्नं केली, पोरांना शिकायला लातूरला पाठवलं, ऊसतोडीला गेले आणि परत आले. त्याचे फोटो कुठे आहेत? काही कपाटातल्या अल्बममध्ये, काही बंद पडलेल्या फोनमध्ये.

लातूरच्या दहा तालुक्यांपैकी जळकोट हा नांदेडच्या सीमेला लागून असलेला तालुका. इथली माणसं बातमीत क्वचित येतात, आणि येतात तेव्हाही बहुतेकदा पाऊस पडला नाही म्हणून किंवा फार पडला म्हणून. पण आता जवळपास प्रत्येक घरात कॅमेरा आहे. मग अनेकांनी मिळून आपल्या काळाची, आपल्या तालुक्यातल्या देशाची फोटोंमधून नोंद ठेवायची म्हटलं, तर ते कसं करतात? जगात आणि महाराष्ट्रात हे आधी झालेलं आहे. त्यातून बरंच शिकता येतं, त्यांच्या चुकांमधूनसुद्धा.

हा प्रकार नेमका काय आहे?

डॉक्युमेंटरी फोटोग्राफी म्हणजे जे आहे ते, जसं आहे तसं आणि जिथं आहे तिथं टिपणं, आणि त्याची माहिती सोबत ठेवणं. बातमीचा फोटो आज काही घडलं म्हणून काढला जातो. डॉक्युमेंटरी फोटोसाठी काही ‘घडावं’ लागत नाही. रेशन दुकानासमोरची रांग ही बातमी नसते, पण तीस वर्षांनी ती रांग कशी होती, लोकांच्या हातात काय होतं, यंत्रावर अंगठा कसा लावत होते, हे कुणाला तरी पाहायचं असतं.

‘सामूहिक’ म्हणजे एकाच फोटोग्राफरची नजर नाही. दहा, वीस, शंभर लोक ठरवून, एकाच चौकटीत, एकाच पद्धतीनं नोंद करतात. हे ‘ठरवून’ महत्त्वाचं. पाचशे लोकांनी एकाच हॅशटॅगवर टाकलेले फोटो म्हणजे प्रकल्प होत नाही. त्यातले निम्मे सूर्यास्ताचे असतात.

अमेरिकेतली एक यादी आणि पावणेदोन लाख निगेटिव्ह

या प्रकारचं सगळ्यात गाजलेलं काम अमेरिकेत १९३५ ते १९४४ या काळात झालं. मंदी आणि दुष्काळानं तिथली शेती मोडली होती. शेतकऱ्यांच्या मदतीसाठी नेमलेल्या सरकारी खात्यात एक फोटो विभाग होता. हे खातं पुढे ‘फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ या नावानं ओळखलं गेलं. फोटो विभागाचा प्रमुख रॉय स्ट्रायकर स्वतः फोटोग्राफर नव्हता, अर्थशास्त्र शिकवणारा माणूस होता. डोरोथिआ लँग, वॉकर इव्हान्स, गॉर्डन पार्क्स अशी पुढे मोठी झालेली नावं त्याच्या हाताखाली काम करून गेली. या कामाचे सुमारे पावणेदोन लाख कृष्णधवल निगेटिव्ह आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि कुणालाही पाहता येतात.

स्ट्रायकरची खरी करामत यादीत होती. तो फोटोग्राफरना ‘शूटिंग स्क्रिप्ट’ पाठवायचा. १९३६ मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट लिंड यांच्याशी बोलल्यावर त्यानं जी यादी केली, तिच्यात दुष्काळ किंवा गरिबी असे मोठे शब्द नव्हते. संध्याकाळी लोक घरी काय करतात? गावात माणसं एकमेकांना कुठे भेटतात? कमी पैशाच्या आणि जास्त पैशाच्या घरांत काय वेगळं दिसतं? असे प्रश्न होते. आजही असा प्रकल्प सुरू करणाऱ्यानं सगळ्यात आधी उचलावी अशी हीच गोष्ट आहे.

पण याच प्रकल्पाच्या दोन गोष्टी टाळायच्याही आहेत.

पहिली म्हणजे स्ट्रायकरला जे निगेटिव्ह आवडायचे नाहीत, त्यांना तो सुरुवातीच्या वर्षांत चक्क पंचिंग मशिननं भोक पाडायचा. माणसाच्या चेहऱ्याच्या जागी काळा गोल असलेले ते फोटो आजही त्या संग्रहात आहेत. कुठला फोटो जगायचा हे एकटा माणूस ठरवत होता.

दुसरी जास्त गंभीर. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात लँगनं एका स्थलांतरित मजूर बाईचा, तिच्या मुलांसह फोटो काढला. ‘मायग्रंट मदर’ या नावानं तो जगभर गेला. लँगनं तिचं वय विचारलं, ३२. नाव मात्र विचारलं नाही, हे तिनं स्वतःच नंतर लिहिलं. त्या बाईचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन होतं, हे जगाला कळायला १९७८ साल उजाडलं. म्हणजे ४२ वर्षं तिचा चेहरा सगळ्यांना माहीत होता आणि ती कुणालाच माहीत नव्हती. या फोटोतून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, ही खंत तिनं बोलून दाखवली.

भारतात हे कुणी केलं?

भारतात माणसांचे फोटो काढून देशाची नोंद करण्याचा पहिला मोठा प्रयत्न इंग्रज सरकारचा. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड निघाले. साडेचारशेहून जास्त फोटो, आणि प्रत्येकाला जात-जमातीचं लेबल. १८५७ च्या उठावानंतर राज्यकर्त्यांना आपली प्रजा ‘ओळखून’ ठेवायची होती. त्यामुळे कुठली जमात इमानी आणि कुठली भांडखोर, असे शेरेही त्यात आहेत. फोटोतल्या बहुतेक माणसांना नाव नाही, ती फक्त नमुना आहेत.

याच्या बरोबर उलट टोकाचं काम महाराष्ट्रातून उभं राहिलं. पत्रकार पी. साईनाथ यांनी २० डिसेंबर २०१४ ला मुंबईतून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ म्हणजे ‘पारी’ ही वेबसाइट सुरू केली. २०११ च्या जनगणनेनुसार ग्रामीण भारताची लोकसंख्या ८३ कोटींच्या वर होती. त्या माणसांच्या रोजच्या जगण्याचा संग्रह करायचा, तोही त्यांच्याच भाषांमध्ये, असा हा प्रयत्न. पत्रकार, फोटोग्राफर, अनुवादक, विद्यार्थी अशा शेकडो लोकांच्या हातभारातून तो वाढला. मराठीतही तो वाचता येतो.

पारीतल्या दोन गोष्टी जळकोटसारख्या ठिकाणी थेट उपयोगी पडतात. एक, ‘फेसेस’ हा उपक्रम. देशातल्या प्रत्येक जिल्ह्यातून बाई, पुरुष आणि लहान मूल अशा साध्या माणसांचे चेहरे गोळा करायचे, आणि चेहऱ्यासोबत माणूस काय काम करतो, कुठला आहे हे द्यायचं. कल्पना इतकी सोपी आहे की कॉलेजातला विद्यार्थीही तिच्यात भाग घेऊ शकतो, आणि इतकी नेमकी आहे की कुणाचाही फोटो भरकटत नाही.

दुसरी गोष्ट फोटोंची नाही, पण शिकवते जास्त. जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प पारीवर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सुरू केलेल्या या कामात महाराष्ट्रातल्या सुमारे ३ हजार बायकांच्या १ लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. पारीवर ओव्यांखाली कोष्टक असतं: गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, वय, मुलं, व्यवसाय, नोंद केल्याची तारीख. वाचताना हे रुक्ष वाटतं. पण याच कोष्टकामुळे ‘लोकगीत, कवी अज्ञात’ म्हणून विरून गेलं असतं ते एका बाईच्या नावावर राहिलं.

साईनाथ यांनी त्याआधी काढलेलं एक फोटो प्रदर्शनही इथं आठवावं. १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत काढलेले, कष्ट करणाऱ्या बायकांचे ते फोटो होते. ते आर्ट गॅलरीपुरतं ठेवलं नाही. कारखान्यांच्या दारात, गावच्या चौकात, बस आणि रेल्वे स्टेशनवर मांडलं. भारतात ७ लाखांहून जास्त लोकांनी ते पाहिलं.

समजा, जळकोटमध्ये करायचं ठरलं. विषय कसा निवडायचा?

‘आजचा भारत’ हा विषय इतका मोठा आहे की त्यावर कुणालाच सकाळी उठून फोटो काढायला जाता येत नाही. ‘जळकोट तालुक्यात देश कुठे कुठे भेटतो?’ असा प्रश्न केला की कामाला लागता येतं.

देश भेटतो रेशन दुकानात, यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून तिसऱ्यांदा हात पुसणाऱ्या म्हाताऱ्यापाशी. बँकेच्या मिनी शाखेत. ‘आपले सरकार’ केंद्रावर, केवायसी करायला आलेल्या बायकांच्या रांगेत. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा अर्ज भरायला गावोगाव काय गर्दी उसळली होती, हे सगळ्यांना आठवतं. त्या आठवड्यांचे, कुठल्याही पुढाऱ्याचा चेहरा नसलेले, शांतपणे काढलेले किती फोटो कुणाकडे असतील?

मग हंगाम. सोयाबीनची रास, मळणी यंत्रावर उडणारा भुसा, आडतीवर भाव ऐकून गप्प झालेला माणूस. गुढीपाडव्याला सालगड्याचं साल ठरतं, तो व्यवहार दोन मिनिटांत होतो आणि त्याचा फोटो सहसा कुणी काढत नाही. दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातल्या गावांतून ऊसतोडीला गाड्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेलं नवरा-बायकोचं जोडपं, ज्याला या धंद्यात ‘एक कोयता’ म्हणून मोजतात, त्यांची गाडी भरतानाची ती रात्र. माणसाच्या जोडीला हत्याराचं नाव. कॅप्शनमध्ये याचा अर्थ सांगितला नाही तर पुण्यातल्या बघणाऱ्याला तो फक्त ट्रॅक्टरचा फोटो वाटेल.

मागं राहिलेलं गावही तितकंच महत्त्वाचं: कुलूप लावलेली घरं, नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या, अर्धे रिकामे वर्ग. लोक निघून जाण्याचा फोटो सोपा, लोक नसण्याचा अवघड.

रोजगार हमीचं काम हा तर वेगळाच विषय. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्रात ही कल्पना आकाराला आली आणि पुढे देशभर गेली. १ जानेवारी २०२३ पासून मनरेगाच्या कामांवर मजुरांची हजेरी मोबाइल अ‍ॅपनं घेणं बंधनकारक झालं: दिवसातून दोनदा फोटो, वेळ आणि ठिकाणाच्या शिक्क्यासह. म्हणजे मजुरांचे सगळ्यात जास्त फोटो सरकारकडेच जमा झाले. पण जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानंच राज्यांना कळवलं की या अ‍ॅपवर कामाशी संबंध नसलेले फोटो, एवढंच काय, फोटोचे फोटोही चढवले जात आहेत. शिक्का खरा आणि आत माणूसच नाही, असं झालं. हा किस्सा लक्षात ठेवा, पुढे नोंदींबद्दल बोलताना लागेल.

असे दहा-बारा विषय काढून त्यातले चारच घ्यावेत. एक वर्षाची मुदत ठरवावी. पेरणी ते पेरणी असं वर्ष धरलं तर शेती, शाळा, यात्रा आणि स्थलांतर चारही आपोआप येतात. स्ट्रायकरसारखी प्रश्नांची यादी दोन पानांत बसवावी आणि ती मराठीत, प्रश्न म्हणूनच लिहावी. ‘पाणीटंचाई’ असा विषय दिला की सगळे जण भेगाळलेली जमीन घेऊन येतात. ‘तुमच्या घरात सकाळचं पहिलं पाणी कोण भरतं, किती वाजता, कशात?’ असं विचारलं तर प्रत्येक घरातून वेगळा फोटो येतो.

कॅमेरा कुणाच्या हातात द्यायचा?

पहिल्यांदा डोक्यात येतात ते हौशी, महागडे कॅमेरे असलेले तरुण. ते हवेतच. पण तालुक्याच्या गावात सगळ्यात अनुभवी फोटोग्राफर म्हणजे स्टुडिओवाला. वीस-पंचवीस वर्षांची लग्नं, बारशी, शाळांचे ग्रुप फोटो, निवडणुकीचे उमेदवार, पासपोर्ट साइजचे हजारो चेहरे त्यानं काढलेले असतात. त्याची जुनी हार्ड डिस्क हा तालुक्याचा न वाचलेला इतिहास असतो, आणि ती कधीही बंद पडू शकते.

त्याशिवाय जिथं बाहेरच्या माणसाला प्रवेश नाही, तिथं आतलं माणूस लागतं. स्वयंपाकघर, बचत गटाची बैठक, ऊसतोडीच्या तळावरची कोपी. फडात काम करणारी बाई स्वतः फोननं जे टिपेल ते गाडीनं येऊन दोन तासांत परतणाऱ्याला मिळणार नाही. तमिळनाडूतले फोटोग्राफर एम. पळनी कुमार, ज्यांचं बरंच काम पारीवर आहे, ते वंचित समाजातल्या मुलांना फोटोग्राफी शिकवतात. आणि मूळचे अकोल्याचे सुधारक ओलवे यांचे मुंबईतल्या सफाई कामगारांचे फोटो पाहिले, तर विषयाजवळ वर्षानुवर्षं राहिल्यानं काय दिसायला लागतं, ते कळतं. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

वीस जणांच्या गटात वीस फोटोग्राफर नकोत. निदान तिघं असे हवेत जे फोटो काढणारच नाहीत: एक संपादक, एक नोंदी ठेवणारा, आणि एक माणूस जो फक्त लोकांशी बोलेल, परवानगी घेईल, नंतर प्रिंट नेऊन देईल. हे तिसरं काम कमी प्रतिष्ठेचं समजतात, पण प्रकल्प मोडतो तो बहुधा याच ठिकाणी. भाषेचंही बघावं लागतं. या सीमाभागात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू, उर्दू आणि तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. तांड्यावर गोरमाटी बोलणारं कुणी सोबत असेल तर पहिली दहा मिनिटं वाचतात, आणि खरं बोलणंही होतं.

परवानगी म्हणजे नक्की काय?

‘काढू का फोटो?’ यावर मान हलली, म्हणजे फोटो काढायला परवानगी मिळाली. तो इंटरनेटवर टाकायची मिळाली नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या विचाराव्या लागतात. हा फोटो कुठे दिसेल, कोण पाहील, किती वर्षं राहील, आणि उद्या नको वाटला तर काढता येईल का, हे सांगावं. सही घेता येत नसेल तर फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवता येतो.

गावात एक अडचण शहरापेक्षा मोठी असते. सरपंच किंवा मुकादम सोबत उभा असताना कुणीही ‘नाही’ म्हणत नाही. अशी परवानगी धरू नये. दुसऱ्या दिवशी एकट्यानं जाऊन पुन्हा विचारावं.

कायद्याच्या बाजूनं चार गोष्टी माहीत असाव्यात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीला आणि ती मागे घेण्याच्या हक्काला मध्यवर्ती जागा आहे, आणि १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांच्या संमतीचा मुद्दा येतो. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्ह्यात अडकलेल्या, पीडित, साक्षीदार किंवा निराधार मुलांची ओळख उघड करता येत नाही; चेहराच काय, शाळेचं नावही नाही. लैंगिक अत्याचाराच्या पीडितांची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. चौथी गोष्ट फोटोच्या मालकीची, ती शेवटी येईल.

आणि कायद्यात कुठेच नसलेली एक साधी रीत: ज्याचा फोटो काढला त्याला त्याची प्रिंट द्यायची. पैसे कमी असतील तर फोटो कमी काढा, पण प्रिंट द्या. फ्लॉरेन्स थॉम्पसनचं उदाहरण आठवा.

कॅप्शन: जिथं बहुतेक जण हरतात

जळकोट म्हटल्यावर कुठलं जळकोट? एक लातूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं ठिकाण. दुसरं तुळजापूर तालुक्यातलं, नळदुर्गजवळ, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं. ‘जळकोट, मराठवाडा’ एवढंच लिहिलेला फोटो पन्नास वर्षांनी कुठल्या गावाचा समजायचा?

त्यात नावं बदलतात. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला, त्याआधी हा भाग उस्मानाबाद जिल्ह्यात होता. २०२३ मध्ये उस्मानाबादचं अधिकृत नाव धाराशिव झालं. म्हणजे एखाद्याच्या आजोबांच्या १९७० सालच्या फोटोवर जिल्हा उस्मानाबाद असेल, आणि आज त्या नावाचा जिल्हा नकाशात शोधला तर सापडणार नाही. म्हणून नोंदीत गाव, तालुका, जिल्हा तिन्ही लिहायचे आणि जुनं नाव असेल तर तेही लिहायचं.

वाईट कॅप्शन असं असतं: ‘मराठवाड्यातील दुष्काळाची दाहकता. डोक्यावर हंडा घेऊन जाणारी महिला.’ यात बाई नाही, गाव नाही, तारीख नाही, आहे ती फक्त लिहिणाऱ्याची हळहळ. चांगल्या कॅप्शनमध्ये बाईचं नाव आणि वय तिच्या मर्जीनं येतं. ती कुठून कुठे पाणी नेते आहे, ही दिवसातली कितवी खेप, घरात माणसं किती, नळ योजना असेल तर पाणी किती दिवसांनी येतं, तारीख, वेळ, फोटो कुणी काढला. आणि ती स्वतः काय म्हणाली, ते तिच्या शब्दांत, प्रमाण मराठीत न बदलता.

दोन ओळींत हे बसत नसेल तर बसवू नका. आर्काइव्हला इन्स्टाग्रामची घाई नसते. पोस्टसाठी दोन ओळी वेगळ्या काढता येतात, पूर्ण नोंद मागं ठेवावी.

जातीचा उल्लेख करायचा का, यावर गटात भांडण होईल, आणि ते व्हायला हवं. ओव्यांच्या संग्रहात त्याची नोंद आहे, कारण कुणाची जमीन, कुणाचं जातं, कुणाची विहीर हे त्याशिवाय समजत नाही. ‘पीपल ऑफ इंडिया’त जात होती आणि माणसाचं नाव नव्हतं. फरक तिथं आहे: माणसानं स्वतः सांगितलं तर लिहायचं, कपड्यांवरून आणि वस्तीवरून ठरवून कधीही नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, फाइल आणि एआय

असा प्रकल्प सुरू झाला की पहिल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतो. बोलण्यासाठी तो उत्तम, फोटो जमवण्यासाठी वाईट. तिथं साधा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो आणि फोटोत दडलेली तारीख, वेळ, कॅमेऱ्याची माहिती निघून जाते. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. नाहीतर पंधरवड्याला एकत्र बसून थेट हार्ड डिस्कवर कॉपी करावा, तिथंच कॅप्शनही लिहून होतं.

फाइलच्या नावाची एकच पद्धत ठरवावी: आधी वर्ष-महिना-दिवस, मग गाव, मग काढणाऱ्याची आद्याक्षरं, मग क्रमांक. या क्रमानं नावं दिली की फाइली आपोआप तारखेप्रमाणे लागतात. तोच क्रमांक एका तक्त्यात आणि त्यासमोर पूर्ण नोंद. मूळ फाइलला हात लावायचा नाही, जे काही उजळ-गडद करायचं ते प्रतीवर. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. संग्रह सांभाळणारे जगभर हाच नियम पाळतात, आणि वीज पडून किंवा चोरी होऊन एकदा तरी त्याची किंमत कळते.

ठिकाणाची माहिती मात्र जपून. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या बंद घराचा फोटो अचूक नकाशा-बिंदूसह सार्वजनिक करणं म्हणजे चोराला पत्ता देणं. आतल्या नोंदीत बिंदू, बाहेर फक्त गाव.

एआयनं माणूस काढून टाकणं, आभाळ बदलणं, धूसर चेहरा ‘स्पष्ट’ करणं, हे सगळं पहिल्या बैठकीतच बंद करावं आणि लिहून ठेवावं. फोनमधली काही फीचर्स न विचारता चेहरा गुळगुळीत करतात, ती बंद करायला शिकवावं लागतं. रोजगार हमीच्या अ‍ॅपचा धडा इथं लागू होतो. वेळेचा आणि ठिकाणाचा शिक्का फोटोला खरं करत नाही. ‘हा मी काढला, मी तिथं होतो, या माणसाशी बोललो’ असं नावानिशी सांगणारा कुणीतरी मागं लागतो.

निवड कोण करणार, आणि फोटो कुणाचे?

वर्षाअखेर पाच-सहा हजार फोटो जमतील. दाखवण्याजोगे दीडशे. निवड एका माणसावर सोडली तर स्ट्रायकरचं पंचिंग मशिन होतं, सगळ्यांवर सोडली तर प्रत्येकाचे सात-आठ असा वाटपाचा कार्यक्रम होतो. मधला मार्ग असा: तिघांची समिती पहिली चाळण लावते, मग तीनशे फोटोंच्या लहान प्रिंट एखाद्या मंगल कार्यालयात जमिनीवर पसरायच्या आणि फोटोतल्या लोकांना बोलवायचं. लोक काय ओळखतात, कशावर हसतात, कशापुढे उभे राहून गप्प होतात, हे तिथं कळतं. चुकीची नावंही तिथंच दुरुस्त होतात. बाकीचे फोटो भोक न पाडता, नोंदीसह ठेवून द्यायचे. तीस वर्षांनी कदाचित तेच जास्त कामाचे निघतील.

हक्कांचं आधीच कागदावर आणावं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा पहिला मालक साधारणपणे तो काढणारा असतो, आणि हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात. पण मोबदला देऊन फोटो काढून घेतला तर, वेगळा करार नसल्यास, मालकी पैसे देणाऱ्याकडे जाते. म्हणजे आयोजकांनी कौतुकानं मानधन दिलं आणि काहीच लिहिलं नाही, तर पुढे वाद अटळ. सोपा उपाय एका पानाचा करार: फोटो काढणाऱ्याचाच, प्रकल्पाला तो नावासह, बिगर-व्यावसायिक वापरासाठी कायमचा मोकळा. पारीचं साहित्यही क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशाच बिगर-व्यावसायिक परवान्यावर आहे, त्याचा मजकूर पाहून घ्यावा.

प्रदर्शन कुठे? लातूर शहरातला हॉल सुचेल. पण जळकोटचा आठवडी बाजार, बसस्टँड आणि तहसीलची भिंत जास्त माणसं पाहतात. फ्लेक्सवर छापलं तर ऊन-वारा झेपतो, गावोगाव गुंडाळून नेता येतो. ऊसतोडीला गेलेले लोक परत येईपर्यंत थांबावं, नाहीतर निम्मा विषयच प्रदर्शनाला गैरहजर असेल.

वेबसाइट बंद पडतात, डोमेनचे पैसे भरायला दोन वर्षांनी कुणी नसतं. म्हणून छापील प्रतीचा एक संच, मागं पेन्सिलनं पूर्ण नोंद लिहून, तालुक्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयात द्यावा. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे अनुदानित वाचनालयांचं जाळं राज्यात गावपातळीपर्यंत पोचलेलं आहे. दुसरा संच जवळच्या कॉलेजच्या इतिहास विभागात. ज्या फोटोंना काढणाऱ्याची आणि फोटोतल्या माणसाची स्पष्ट हरकत नाही, असे निवडक फोटो विकिमीडिया कॉमन्सवर मराठी वर्णनासह चढवता येतात. मात्र तिथला परवाना व्यावसायिक वापरालाही मोकळीक देतो, त्यामुळे ही परवानगी पुन्हा वेगळी, तिसऱ्यांदा विचारावी लागते.